मोराचं डावं अंग

१

दसऱ्याला लोक एकमेकांच्या दारात सोनं घेऊन येतात. माझ्या दारात सकाळी सकाळी राजनंदिनी आली ती रडतच.

"मावशी, माझं दुकान कुणीतरी पळवलं."

राजनंदिनीचं दुकान म्हणजे शटर आणि गल्ला असलं काही नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्याच इमारतीत ती माझ्या खालच्या, पहिल्या मजल्यावर सासू आणि दिरासोबत राहते. नवरा अमरसिंह फौजेत, सध्या सरहद्दीवर. जुने अडकित्ते, पानदानं, पितळी कुलपं असल्या वस्तू ती गावोगाव हिंडून गोळा करते आणि 'बोलीघर' नावाच्या संकेतस्थळावर लिलावाला लावते. 'राजनंदिनी, कोल्हापूर' हे तिचं तिथलं खातं. त्या नावाखाली देशभरातल्या शौकिनांनी वर्षानुवर्षं चांगलं लिहून ठेवलंय, की वस्तू सांगितली तशीच निघाली, बाई खोटं बोलत नाही. फौजीची बायको, चिमणाबाईची सून ही नावं तिला लग्नानं मिळाली. हे नाव मात्र तिनं स्वतःच्या शब्दावर कमावलं होतं.

आता ते खातं तिला उघडत नव्हतं. पासवर्ड बदललेला, मेलचा पत्ता बदललेला. तिच्या नावानं कुणीतरी भलत्याच वस्तू विकायला मांडल्या होत्या. आणि तिचा सगळ्यात मोठा लिलाव, मोराच्या आकाराच्या पितळी अडकित्त्याचा, आज संध्याकाळी सहाला संपणार होता. बोली जिंकणारा पैसे चोराला देणार आणि शिव्या राजनंदिनीला.

"बोलीघरवाल्यांना कळवलंस?"

"कळवलं की. आज सुट्टी हाय म्हणं. तीन दिवसांत तपासतो म्हणाले. तीन दिवसांत माझं नाव पार मातीत जाईल वो."

मी क्रांती इंगवले. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात माझा जन्म गेला. आपोआप पेटलेली गोदामं बघितली, चोरीला गेलेले ट्रक शेजारच्या तालुक्यात रंग बदलून उभे असलेले बघितले, पुरात वाहून गेलेल्या म्हशी गोठ्यात रवंथ करताना बघितल्या. त्यातून एक गोष्ट शिकले. खोटं बोलणारा माणूस आपलं खरं वाटावं म्हणून एक तपशील गरजेपेक्षा जास्त सांगतो. तो तपशील त्यानं कुठून तरी उचललेला असतो, आणि धरायचं ते तिथंच.

"रडणं नंतर," मी म्हटलं. "काल काय उघडलंस ते दाखव आधी."

तिनं डोळे पुसून मोबाइल पुढे केला. "ही मेल. आणि मावशी, आत्ती म्हणत्यात, हे सम्राटनंच केलंय."

आत्ती म्हणजे तिची सासू चिमणाबाई. आणि सम्राट हा चिमणाबाईंचा पोटचा धाकटा पोरगा.

२

मेल इंग्रजीत होती. वर बोलीघरचं चिन्ह, खाली बोलीघरचेच रंग. मजकुराचा अर्थ असा: प्रिय विक्रेता, तुमच्या मोराच्या अडकित्त्याबद्दल एका बोलीदाराची तक्रार आली आहे. मोराच्या डाव्या अंगाला तांबडा डाग असून तुम्ही तो लपवला आहे. तासाभरात खालच्या बटणावरून उत्तर द्या, अन्यथा लिलाव रद्द होईल आणि खातं कायमचं बंद होईल.

"बटण दाबलंस. मग?"

"बोलीघरचंच पान उघडलं. पासवर्ड मागितला, दिला. मोबाइलवर आकडे आले, तेबी मागितले."

"आणि तेही दिलेस."

तिनं मान खाली घातली.

"पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेव." तिनं ठेवलं. बोलीघर या नावाखाली दडलेला खरा पत्ता उलगडला. कुठली तरी अक्षरं आणि आकडे, बोलीघरशी सुतराम संबंध नसलेले. "बोलीघर तुला मेलमध्ये काय म्हणतं? प्रिय विक्रेता?"

"न्हाय. 'राजनंदिनी, कोल्हापूर' असं खात्याचं नाव घालून लिहितंय."

"आणि खरी तक्रार आली तर?"

"खात्यात आतल्या निरोपातबी दिसती. तिथं जाऊन बघायला पायजे हुतं." ती वैतागून म्हणाली, "मावशी, मला ह्या खुणा म्हाईत न्हाईत का? असल्या मेली रोज येत्यात. 'तुमची वस्तू कधी पाठवताय', 'तुमचं खातं बंद हुतंय'. मी ढुंकूनबी बघत न्हाय. लॅपटॉपवर बसलं की आधी पत्ता बघती."

"मग काल लॅपटॉपवर का नाही बघितलंस?"

"लॅपटॉप पूजेत हुता की!"

बरोबर. काल खंडेनवमी. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची पूजा करायची आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यांच्या घरी पाटावर राजनंदिनीचा लॅपटॉप होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्या सम्राटचं मापं घ्यायचं व्हर्नियर होतं, चिमणाबाईंची विळी होती आणि पातं आहे म्हणून मोराचा अडकित्ताही. लॅपटॉप पूजेत, म्हणून बाईच्या हातात नुसता मोबाइल, आणि मोबाइलवर पत्ता नावाच्या मागं झाकलेला. मेल पाठवणाऱ्यानं दिवस बरा साधला होता.

"तरीपण रोजच्या मेलींना फसत नाहीस, हिलाच का फसलीस?"

"डागामुळं. सकाळी मी पूजेचा फोटो स्टेटसला ठेवलता. मोराच्या मानेवर आत्तींनी कुंकू लावलेलं. ही मेल आली तवा समोर पाटावर तांबडं दिसत हुतं. वाटलं, तो फोटो बघून कुणीतरी कुंकवालाच डाग म्हणालंय. घाईघाईनं दाबलं बटण."

मला तिचा राग आला होता तो इथं ओसरला. रोजच्या लबाडीला न फसणारी बाई खऱ्या कुंकवानं फसली होती.

"तो फोटो दाखव."

नव्या तांबड्या कापडावर अडकित्ता आडवा ठेवलेला, झेंडूची फुलं, शेजारी लॅपटॉप. मोराचं तोंड उजवीकडे. मानेवर कुंकवाचा गोल, नेटका टिळा. मी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"राजनंदिनी, मोराचं तोंड उजवीकडं असलं तर आपल्याला त्याचं कुठलं अंग दिसतं?"

तिनं फोटोवर बोट फिरवलं. "उजवं."

"कुंकू उजव्या अंगाला आहे. मेलमध्ये डावं लिहिलंय. डावं अंग तर कापडावर टेकलंय. ते कुणाला दिसलं?"

३

चिमणाबाई पाटापुढं हात आडवा करून बसल्या.

"उत्तरपूजा झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय. तू पोलीस असलीस तरी न्हाय."

"मी पोलीस नाही, चिमणाबाई. पण तुमच्या आधीच कुणीतरी हात लावलाय."

"माझ्या पूजेला? कोण त्यो मुडदा?"

"तेच बघायचंय. उत्तरपूजा आत्ता करून टाका."

दोन मिनिटं पुटपुटत त्यांनी अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि पाटावरून सरकल्या. मी अडकित्ता उचलायच्या आधी त्यावर वाकून बघितलं. मानेवरचा टिळा गोल राहिला नव्हता. एका बाजूनं तो दबून पसरला होता आणि पसरलेल्या भागावर बारीक वळणावळणाच्या रेघा वाळल्या होत्या.

"कुंकू कुठल्या बोटानं लावलंत?"

"अनामिकेनं. गोल लावलं हुतं मी. हे कुणी फासलं?"

दांड्यांची टोकं धरून मी अडकित्ता हळूच उलटा केला. राजनंदिनीनं तोंडावर हात ठेवला. मोराच्या डाव्या अंगाला डोळ्याखालून पंखापर्यंत तांबडा डाग पडला होता. काल फुलानं शिंपडलेलं पाणी नव्या कापडात मुरलं, कापडाचा रंग सुटला आणि पितळेच्या नक्षीत बसला. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. लिलावाला लावलेल्या फोटोंत दोन्ही अंगं स्वच्छ आहेत, ते मी तिच्या मोबाइलवर पाहून घेतलं. म्हणजे मेल लिहिणाऱ्यानं काल पूजेनंतर अडकित्ता पाटावरून उचलला होता, पालथा करून बघितला होता आणि जागच्या जागी ठेवला होता.

"पूजा झाल्यापासून मेल येईपर्यंत घरात कोण कोण आलं?"

"आधी पन्हाळ्याचे विजयसिंह," राजनंदिनी म्हणाली. "त्यांचं हाटेल हाय तिथं. अडकित्त्यावर सगळ्यात मोठी बोली त्यांचीच. लिलाव सोडून मलाच दे म्हणून आलते. मी न्हाय म्हटलं."

"मग राजारामपुरीतले गुरुप्रसाद," चिमणाबाई म्हणाल्या. "जुन्या नाण्यांचं दुकान हाय बघ. लई सभ्य मानूस. शिरा खाऊन गेला. आन घरात सम्राट. दिवसभर आतल्या खोलीत त्या मोबाइलात तोंड घालून. वैनीचा कंप्युटर त्योच बघतोय, त्याला सगळं म्हाईत. सकाळी मी बोलले तर ताटावरनं उठून गेला. चोर असल्याबिगर कोण उठंल?"

"तिचा पासवर्ड कुणी तयार करून दिला?"

"त्यानंच की!"

"मग चिमणाबाई, ही फसवी मेल पासवर्ड काढून घ्यायला पाठवली होती. ज्याला पासवर्ड आधीच ठाऊक आहे त्यानं एवढा खटाटोप कशाला करायचा? घरात किल्ली असताना तुमचा पोरगा खिडकी फोडून आत येईल?"

चिमणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. पोटच्या पोराला सणाच्या दिवशी चोर म्हटलं होतं आणि आता ते गिळता येत नव्हतं.

उरले दोघं. मी अडकित्ता कुंकवाला धक्का लागणार नाही असा डब्यात बसवला, आपट्याची पानं पिशवीत टाकली आणि मोपेडला किक मारली. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या बाईला कुणी दार लावत नाही.

४

राजारामपुरीत गुरुप्रसादचं दुकान सणामुळं दुपारनंतरच, तेही अर्धंच उघडलं होतं. काचेच्या कपाटात नाणी, काउंटरवर भिंग, शिक्क्याचं पॅड आणि पावत्या. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तोंडओळख होती, मला बघून उठून उभा राहिला.

"या, या क्रांतीताई! दसऱ्याच्या शुभेच्छा."

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

त्यानं पान दोन बोटांत कडेनं धरलं, पालथं करून बघितलं, सरळ केलं आणि खिशात ठेवलं. मग चहा सांगितला. मी राजनंदिनीची हकिगत सांगितली, पण डागाचं एक अक्षर बोलले नाही.

"अरेरे," तो म्हणाला. "किती कष्टानं उभं केलं होतं तिनं ते खातं. असं जुनं, चांगल्या अभिप्रायांचं खातं म्हणजे सोन्याची खाण हो. लोक वस्तू बघतच नाहीत, नाव बघून पैसे पाठवतात."

"तुमचंही खातं आहे ना बोलीघरवर?"

"होतं. कंटाळा आला, सोडून दिलं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरेदी-विक्री करणं माझ्या मनाला पटत नाही."

"काल तुम्ही त्यांच्या घरी गेला होता."

"दरवर्षी जातो. पूजेला नमस्कार केला, चिमणाबाई आत शिरा आणायला गेल्या तेवढा वेळ बसलो, खाल्ला आणि निघालो." चहाचा घोट घेऊन त्यानं आवाज उतरवला. "तुम्ही जाणत्या आहात म्हणून बोलतो. मेलचं काम घरातल्या माणसाचं असतं. तो दीर तरुण आहे, कॉम्प्युटरमधलं कळतं. आणि दुसरं म्हणजे विजयसिंह. माझ्या आधी ते तिथं येऊन गेले, जिन्यात भेटले तेव्हा रागानं लाल झाले होते. 'बघतोच कसा मिळत नाही ते', असं म्हणत होते."

बोलणं गोड, चहा चांगला. मी आभार मानून निघाले आणि मोपेड पन्हाळ्याच्या रस्त्याला घातली.

५

पन्हाळ्यावर सुट्टीची गर्दी उसळली होती. विजयसिंहांच्या हॉटेलात पिठलं-भाकरीची ताटं फिरत होती आणि ते स्वतः गल्ल्यावर, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसले होते. साठीचा धिप्पाड गडी, पायात नाड्यांचे जाडजूड बूट.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

"द्या पावणं." पान घेऊन त्यांनी न बघताच गल्ल्यात टाकलं. "बसा. एवढं पैसं पाठवतो आन बोलतो."

"कुणाला पाठवताय?"

"मंगळवार पेठेतल्या त्या पोरीला. काल तोंडावर न्हाय म्हणाली, आन आता मेल आलीया, तासाभरात पैसं पाठवा, लिलावाबाहेर देती म्हणून. आली की लायनीवर!"

"विजयसिंह, तो मोबाइल खाली ठेवा!"

मी इतकी ओरडले की शेजारच्या टेबलावरचा घास थांबला. विजयसिंहांनी मोबाइल ठेवला. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझं पैसं गेलं असतं, आन मी तिला जन्मभर चोर म्हणत बसलो असतो."

"काल तुम्ही अडकित्ता हातात घेतला होता?"

"हातात? त्या म्हातारीनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय! बूट काढा म्हणाली. ह्या नाड्या सोडायच्या म्हणजे मला खाली बसायला लागतंय, मग उठवायला मानूस लागतंय. दारातनंच बोललो. मोर लांबनं बघितला, मानेवर कुंकू हुतं. दुसरं काय दिसणार तिथनं?"

"जिन्यात गुरुप्रसाद भेटले?"

"भेटला. काय कसं म्हणलं, गेलो."

"रागानं काही बोललात?"

"मी? मला कशाला राग? बोली माझी वरची हाय, सहा वाजता मोर माझाच हुणार हुता." त्यांनी डोळे बारीक केले. "त्यो बोलला व्हय असं? त्याचं काय ऐकताय! बोलीघरनं हाकललंय त्याला. मला खोटं नाणं विकलंतं, मीच तक्रार केलती."

"तो म्हणतो, कंटाळून सोडलं."

"हाकललं! त्याच्या नावानं आता तिथं कुणी फुटकी कवडी घेणार न्हाय."

मी उठले. घाट उतरताना वारा तोंडावर येत होता आणि डोक्यात दोन पानं फिरत होती. विजयसिंहांनी पान घेतलं आणि टाकलं. गावातला कुठलाही माणूस असंच करतो. आपट्याच्या पानाला उलटं काय आणि सुलटं काय? पण एका माणसानं ते पालथं करून बघितलं होतं, कारण नाण्याची दुसरी बाजू बघितल्याशिवाय त्याचा हात वस्तू खाली ठेवतच नाही. चिमणाबाई शिरा आणायला आत गेल्या तेव्हा समोर पाटावर जुना पितळी मोर होता आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पाच वाजून गेले होते. मी मोपेडचा कान पिळला.

६

गुरुप्रसाद शटर ओढायच्या बेतात होता. मी खालून वाकून आत शिरले आणि डबा काउंटरवर ठेवून उघडला. मोर उजवं अंग वर करून आत पडला होता. त्याचा हात आपसूक पुढे आला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "पालथा कराल."

हात तिथंच थांबला.

"मेल तुम्ही पाठवलीत, गुरुप्रसाद. खरी वाटावी म्हणून डागाचं लिहिलंत. डाग खरा होता, हीच चूक झाली. लिलावाच्या फोटोंत तो नाही. काल सकाळच्या फोटोत दिसत नाही. घरच्यांनाही ठाऊक नव्हता, कारण ते अंग कापडाखाली होतं. पाटावर लॅपटॉप बघून तुम्हाला कळलं, आज ही बाई मोबाइलवरच मेल बघणार. विजयसिंहांचा राग तुम्ही मनानं रचलात, तो माणूस तर खुशीत होता. आणि खातं तुम्हाला का हवं ते तुम्हीच सांगितलंत. लोक नाव बघून पैसे पाठवतात. तुमचं नाव उरलं नाही, म्हणून तिचं घेतलंत."

तो हसला. हसू चांगलं जमलं नाही. "ताई, या सगळ्या कल्पना झाल्या. कोर्टात त्यांना कोण विचारतो?"

"ते भिंग द्या."

त्यानं दिलं. मी ते मोराच्या मानेवर धरलं आणि त्याला वाकायला लावलं.

"चिमणाबाईंनी अनामिकेनं गोल टिळा लावला. कुंकू ओलं असताना कुणीतरी मोराला मानेवर अंगठा आणि खाली बोटं लावून उचललं. रेघा बघा. नाण्यावरच्या राजाच्या मिशा मोजणारा माणूस तुम्ही, तुम्हाला नीट दिसतील. हा अंगठा तुमचा नसेल तर हे पॅड घ्या आणि पावतीच्या पाठीवर अंगठा उठवा. मी माफी मागून निघून जाते."

त्यानं पॅडकडे बघितलं नाही. उजवा हात मात्र काउंटरखाली गेला आणि अंगठा मुठीत मिटला. रस्त्यावरून कुणाची तरी मोटरसायकल हार घालून, हॉर्न वाजवत गेली.

"मी नुसता बघायला उचलला होता," शेवटी तो म्हणाला. "हाताला सवय आहे. मग तो डाग दिसला, शेजारी लॅपटॉप दिसला, आणि..."

"आणि एका पोरीनं इतक्या वर्षांत कमावलेलं शिऱ्याबरोबर गिळलंत. तिच्या दिराला आईनं ताटावरून उठवलं, ठाऊक आहे? आणि तुम्ही मला चहा पाजून त्याच्याचकडे बोट दाखवत होता."

मला आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

"आता ऐका. मी सायबर पोलिसांकडे जाणार आहे, ते काही चुकत नाही. पण माझ्या जबाबात मी एक वाक्य लिहू शकते, की या माणसानं मागितल्याबरोबर खातं परत दिलं. ते वाक्य हवं असेल तर सहाच्या आत कमवा. नको असेल तर मी इथंच बसते आणि पोलिसांना इथंच बोलावते."

त्यानं घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग कपाटातून लॅपटॉप काढला आणि उघडला. मी राजनंदिनीला फोन लावला.

"लॅपटॉपपुढं बस," मी म्हटलं. "आणि या वेळी मोबाइलवर जे आकडे येतील ते कुणालाही सांगू नकोस. मलासुद्धा नाही."

७

मी घरी पोचले तेव्हा खातं तिच्या हातात आलं होतं. वेळ संपायच्या आत तिनं लिलाव थांबवला होता, चोरानं मांडलेल्या वस्तू काढून टाकल्या होत्या आणि ती सगळ्या बोलीदारांना पत्र लिहीत बसली होती: 'काल दुपारपासून आज संध्याकाळपर्यंत माझ्या नावानं जे आलं ते मी लिहिलेलं नाही. चूक माझी, मी घाईत पासवर्ड दिला. मोराच्या डाव्या अंगाला आता पूजेच्या कापडाचा रंग लागला आहे, फोटो सोबत जोडला आहे. ज्यांना बोली मागं घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी.'

"डागाचं आत्ताच कशाला लिहितीस?" चिमणाबाई म्हणाल्या. "चिंच लावून घासलं तर निघंलबी."

"निघाला तर तवा लिहीन, आत्ती. आत्ता हाय म्हणून हाय लिहिती."

दारात सम्राट येऊन उभा होता. तालमीच्या कट्ट्यावर दिवस काढून आलेला, चप्पल न काढता. आत यायचं की नाही ते त्याचं ठरत नव्हतं. चिमणाबाई उठल्या, देवापुढचं आपट्याचं पान घेतलं आणि पोराच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातात कोंबलं.

"सोनं घे. आन आधी जेव. सकाळपास्नं पोटात काय न्हाय तुझ्या."

"तुझ्याबी न्हाय, वैनी सांगत हुती," सम्राट म्हणाला. मग त्यानं चप्पल काढली.

इतक्यात लॅपटॉपवर पहिलं उत्तर आलं. राजनंदिनीचा हात बटणावर गेला आणि थबकला. तिनं आधी वरचा पत्ता वाचला. मग बोलीघरच्या खात्यात जाऊन तोच निरोप आत आहे का ते बघितलं. होता. मडगावचे एक म्हातारे शौकीन, तिच्याकडून फार दिवसांपासून अडकित्ते घेणारे. त्यांनी लिहिलं होतं:

'तुमच्या नावाने मलाही मेल आली होती, तासाभरात पैसे पाठवा म्हणून. मी ती काढून टाकली. इतकी वर्षं तुमच्याकडून घेतोय, तुम्ही मला एकदाही घाई केली नाही. म्हणून ते तुम्ही नाही हे मला तेव्हाच कळलं. डागासकट माझी बोली कायम आहे.'

राजनंदिनीनं ते स्वतःशी वाचलं. मग चिमणाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

ती रडायला लागली. या वेळी मी तिला रडू दिलं.